सहा महिने, बासष्ट सेंटिमीटर: शर्यतीची रेडिओ-नाव घरी बांधताना

२३ जूनच्या सकाळी माझी रेडिओने चालणारी लहान नाव पहिल्यांदा पाण्यावर उठून पळाली. शर्यतीची नाव ठरावीक वेग गाठते तेव्हा तिचा पुढचा बराचसा भाग पाण्याबाहेर येतो आणि मागच्या थोड्याशा तळावर ती घसरत जाते. ते दृश्य स्वतः बांधलेल्या नावेच्या बाबतीत दिसायला मला साडेपाच महिने लागले. सुरुवात केली तेव्हा सुट्या सुट्या गोष्टींची माहिती भरपूर मिळत होती, पण कोणते काम कशाच्या आधी करायचे आणि कुठे केलेली घाई दोन महिन्यांनी भोवते, हे सलगपणे सांगणारे कोणी भेटले नाही. म्हणून कामाच्या वहीतल्या नोंदी समोर ठेवून, तारखांसकट, हे लिहीत आहे.

७ जानेवारीला नकाशा छापला. नाव एकाच हलची (हल म्हणजे नावेचे धड), खोल ‘व्ही’ आकाराच्या तळाची, ६२ सेंटिमीटर लांब आणि १९ सेंटिमीटर रुंद असावी असे ठरवले. दोन हलच्या नावा आणि हायड्रोप्लेन (पाण्याला जेमतेम टेकून पळणाऱ्या नावा) शांत पाण्यावर अधिक वेगाने जातात हे खरे आहे, पण लाटेवर त्या लवकर बिथरतात. उलट, मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना सुमारे २० अंशांनी चढत गेलेला तळ लाट कापत जातो आणि नवशिक्याची चूक थोडी तरी पोटात घालतो. नाव पुढे शर्यतीत उतरवण्याचा विचार असेल तर हा निर्णय घेण्याआधी त्या शर्यतीच्या गटाचे नियम वाचावेत. नॅविगा या जागतिक संघटनेचे असोत किंवा जवळच्या मंडळाचे, नियमांमध्ये लांबी, वजन, बॅटरीची क्षमता अशा मर्यादा घातलेल्या असतात, आणि कापलेली नाव नंतर दोन सेंटिमीटरने लहान करता येत नाही.

पहिली चूक त्याच दिवशी झाली. नकाशाच्या कोपऱ्यात १०० मिलिमीटरची मोजरेषा होती. ती मी मोजली नाही, कारण छापलेले चित्र बरोबरच असणार असे मी गृहीत धरले. चारही आडव्या चौकटी कापून झाल्यावर मोटरचा साचा बसेना, तेव्हा पट्टी लावली. रेषा ९७ मिलिमीटर भरली. छापताना यंत्राने कागदाच्या मापात बसवण्यासाठी चित्र आपोआप लहान केले होते. चौकटी पुन्हा कापाव्या लागल्या, एक पूर्ण आठवडा गेला. छापलेला नकाशा हातात आला की सर्वात आधी त्यावर पट्टी ठेवावी, आणि आडवी व उभी अशी दोन्ही मापे घ्यावीत.

सामान मागवायला १० जानेवारीला सुरुवात केली. एकूण खर्चाची वाटणी सांगितली तर पुढच्या माणसाला अंदाज येईल: माझ्या खर्चाचा जवळजवळ चौथा हिस्सा ब्रशलेस मोटर आणि तिच्या स्पीड कंट्रोलरवर गेला, तेवढाच बॅटऱ्या आणि चार्जरवर, पाचवा हिस्सा ट्रान्समीटर-रिसीव्हरवर आणि तेवढाच शाफ्ट (मोटरची फिरकी प्रोपेलरपर्यंत नेणारा दांडा), स्ट्रट (त्याचे मागचे टोक धरणारा आधार), सुकाणू आणि प्रोपेलर यांच्यावर. प्लायवुड, इपॉक्सी आणि फायबरग्लासचे कापड धरून प्रत्यक्ष हलसाठी जेमतेम दहावा हिस्सा लागला, मात्र वेळेच्या हिशेबात त्याच हलने जवळजवळ दोन महिने खाल्ले. सगळे एकदम विकत घेण्याची गरज नाही. मोटर, शाफ्ट आणि स्ट्रट मात्र हल बंद करण्यापूर्वी हातात असलेच पाहिजेत, कारण त्यांच्या मापावर आतल्या चौकटींचे गाळे ठरतात.

सर्वात जास्त वाट बॅटरीने पाहायला लावली. मागणी नोंदवल्यानंतर तब्बल ३४ दिवसांनी ती आली आणि मधल्या काळात ‘प्रवासात आहे’ एवढेच उत्तर मिळत राहिले. कारण नंतर कळले. लिथियम-आयन बॅटरी सुटी, म्हणजे उपकरणाशिवाय, पाठवायची असेल तर ती यूएन ३४८० या क्रमांकाखाली धोकादायक माल ठरते; १ एप्रिल २०१६ पासून असा माल प्रवासी विमानातून पाठवता येत नाही आणि मालवाहू विमानातून पाठवताना बॅटरी ३० टक्क्यांहून अधिक भरलेली चालत नाही. त्यामुळे बरेच विक्रेते ती रस्त्याने किंवा जहाजानेच धाडतात. बॅटरीची मागणी सर्वात आधी नोंदवावी आणि आल्यावर प्रत्येक सेलचा व्होल्टेज मोजून वहीत लिहावा. माझ्या तीन सेलच्या बॅटरीतील तिन्ही आकडे एकमेकांच्या जवळ होते. त्यांपैकी एक बराच खाली असता तर ती बॅटरी चार्जरला न लावता परत पाठवावी लागली असती.

चौकटी ३ मिलिमीटरच्या प्लायवुडच्या आणि वरचे आवरण दीड मिलिमीटरचे होते. बांधणी उलटी केली जाते, म्हणजे चौकटी पालथ्या करून एका सपाट पाटावर रोवायच्या, वरून कणा बसवायचा आणि मग तळाच्या फळ्या चढवायच्या. हा पाट खरोखर सपाट हवा, कारण पाटाला पीळ असेल तर तो नावेत उतरतो आणि पिळलेल्या तळाची नाव पूर्ण वेगात एका कुशीवर झुकून पळते; सुकाणूने ते झाकता येते, दुरुस्त करता येत नाही. मी जुन्या कपाटाचे जाड फळकूट घेतले, त्यावर मध्यरेषेला दोरा ताणला आणि प्रत्येक चौकट गुण्या लावून उभी केली. रात्री डिंकवलेली चौकट सकाळी अर्धा अंश कललेली दिसली की ती मोडून पुन्हा बसवायची, असे तीनदा केले. त्या वेळी ते कंटाळवाणे वाटले. आज त्या तीन सकाळी पूर्ण कारणी लागल्या असे वाटते.

फेब्रुवारीत तळ चढवला. मागचा भाग सहज बसतो. नाळेकडे, म्हणजे नावेच्या पुढच्या टोकाकडे, मात्र फळी एकाच वेळी वाकते आणि पिळते, आणि कोरडे प्लायवुड तिथे हमखास तडकते. फळीचा पुढचा तिसरा हिस्सा गरम पाण्यात भिजवलेल्या फडक्यात अर्धा तास गुंडाळून ठेवला, मग चौकटींवर नुसता बांधून रात्रभर वाळू दिला आणि दुसऱ्या दिवशी, त्याने आकार धरल्यावर, चिकटवला. ओल्या लाकडावर इपॉक्सी लावू नये. दोन्ही बाजूंच्या फळ्या एकाच दिवशी चढवाव्यात, कारण एकच बाजू आधी चिकटली तर ती सुकताना सांगाडा आपल्याकडे ओढते.

इपॉक्सीबद्दल दोन गोष्टी. एक म्हणजे राळ आणि हार्डनर डब्यावर दिलेल्या प्रमाणातच, आणि ते प्रमाण वजनाचे आहे की आकारमानाचे हे नीट वाचून, लहान वजनकाट्यावर मोजावेत. लवकर सुकावे म्हणून हार्डनर वाढवला तर मिश्रण कायमचे चिकट राहते. दुसरे म्हणजे एका वेळी थोडेच कालवावे. १७ फेब्रुवारीला मी सगळे एकदम संपवण्याच्या विचाराने उंच पेल्यात भरपूर मिश्रण केले आणि पाचव्या-सहाव्या मिनिटाला पेला हातात धरवेना. ही अभिक्रिया स्वतःच उष्णता सोडते, उंच भांड्यात ती उष्णता बाहेर पडत नाही आणि त्यामुळे अभिक्रिया आणखी भडकते. पेल्यातून धूर येऊ लागला, तो उचलून बाहेर मोकळ्या जमिनीवर नेऊन ठेवला. त्यानंतर पसरट थाळीत, हातमोजे घालून, खिडक्या उघड्या ठेवून काम केले. पहिला थर सुकल्यावर त्यावर कधीकधी मेणचट साय येते. ती साध्या पाण्याने धुऊन, मग घासून, मगच दुसरा थर द्यावा, नाहीतर तो सुटतो. बाहेरून दर चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचे फायबरग्लासचे कापड बसवले आणि १२० क्रमांकाच्या पॉलिश पेपरपासून ४०० पर्यंत, पाणी लावून, घासत गेले. घासताना मास्क अवश्य लावावा. ३ मार्चला हलचे वजन ३४० ग्रॅम भरले.

घासण्याच्या नादात एक गोष्ट बिघडत होती ती वेळीच लक्षात आली. सगळ्या कडा हाताला गुळगुळीत लागाव्यात असे वाटते, पण तळ आणि मागची फळी जिथे मिळतात ती कड गोल करायची नसते. तिथे पाणी तळापासून स्वच्छ सुटले पाहिजे. कड गोल असेल तर पाणी वळून मागच्या फळीला चिकटते, नावेचा मागचा भाग खाली खेचते आणि वेग आपोआप पडतो. मी तिथे मास्किंग टेपची भिंत उभी केली, इपॉक्सीत लाकडाचा भुसा कालवून भरली आणि सुकल्यावर पट्टीवर गुंडाळलेल्या कागदाने इतकी काटकोनी केली की नखाला धार लागावी. तळाच्या बाजूच्या कडांनाही तोच नियम लागू आहे. नाळेची कड मात्र गोल चालते.

मार्चचा उरलेला भाग आणि एप्रिल शाफ्टने घेतला, आणि या कामाबद्दल मला सर्वात जास्त सांगायचे आहे. मोटर नावेत आडवी असते, प्रोपेलर मागच्या फळीच्या बाहेर आणि खालच्या पातळीवर असतो, आणि त्यांच्यामध्ये ४ मिलिमीटर जाडीचा, तारांचे थर पिळून केलेला लवचीक शाफ्ट पितळी नळीतून जातो. नळीला हलके, सलग वळण द्यावे लागते. रिकामी नळी वाकवली तर ती दबून चपटी होते; म्हणून एक तोंड बंद करून तिच्यात बारीक कोरडे मीठ ठासून भरले, दुसरे तोंड बंद केले आणि गोल डब्यावर दोन्ही अंगठ्यांनी थोडी थोडी दाबत नेली. झाल्यावर मीठ पाण्याने धुऊन काढले, नळी फुंकून वाळवली, आत टेफ्लॉनचे अस्तर सरकवले आणि मग शाफ्ट घालून फिरवून पाहिला. तो एका बोटाने, कुठेही न अडखळता फिरला पाहिजे. अडखळत असेल तर वळण कुठेतरी एकदम आले आहे असे समजावे.

माझी चूक क्रमाची होती. नळी छान बसली म्हणून ती मी आधी इपॉक्सीने पक्की केली आणि मोटरचा साचा नंतर लावायला घेतला. मोटरचा दांडा शाफ्टच्या रेषेपेक्षा दीड मिलिमीटर वर आला. दीड मिलिमीटर डोळ्याला दिसत नाही, पण मिनिटाला वीस हजार फेऱ्यांना तेवढा फरक सगळी नाव थरथरवतो. नळी कापून काढायला तीन संध्याकाळी लागल्या. बरोबर क्रम असा: मोटर तिच्या साच्यात स्क्रूने बसवावी, शाफ्ट जोडावा, बाहेरचा स्ट्रट तळाला समांतर लावावा, सगळे एकत्र हाताने फिरवून कुठेही घट्ट लागत नाही याची खात्री करावी आणि अगदी शेवटी, सगळे जागच्या जागी असताना, नळी चिकटवावी. असा शाफ्ट एकाच दिशेने फिरवण्यासाठी पिळलेला असतो, उलट फिरवला तर त्याचे पीळ उकलतात, म्हणून स्पीड कंट्रोलरमधील मागे जाण्याची सोय मी बंद करून टाकली.

विजेची जोडणी मेमध्ये दोन आठवड्यांत झाली. रिसीव्हर झाकणाखाली शक्य तितका उंच बसवला आणि त्याची अँटेना एका प्लॅस्टिकच्या नळीतून वर उभी काढली, कारण २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यातून जवळजवळ जात नाहीत आणि पाण्याच्या पातळीखाली राहिलेली अँटेना काठावरून नाव दूर जाताच दगा देते. निकोला टेस्लाने १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लोकांना रेडिओने चालणारी नाव दाखवली तेव्हाही बॅटरी, मोटर, सुकाणू आणि लहरी पकडणारे यंत्र हीच मंडळी लोखंडी हलमध्ये बसलेली होती. सोल्डरिंग करताना त्या गोष्टीने मला फार धीर दिला. थंड करण्यासाठी सुकाणूच्या छिद्रातून पाणी उचलले जाते, सिलिकॉनच्या नळीने आधी स्पीड कंट्रोलरकडे, मग मोटरच्या आवरणाभोवती आणि शेवटी बाजूच्या भोकातून बाहेर जाते. पिचकारीने पाणी सोडून ही वाट मोकळी आहे का ते पाहावे. नाव स्टँडवर ठेवून ट्रान्समीटर मुद्दाम बंद करावा: मोटर त्याच क्षणी थांबली पाहिजे. थांबत नसेल तर रिसीव्हरमधील फेलसेफ (संपर्क तुटताच मोटर थांबवणारी सोय) नीट बसवल्याशिवाय पुढे जाऊ नये. नेहमीच्या वापरात ट्रान्समीटर सर्वात आधी सुरू करावा आणि सर्वात शेवटी बंद करावा. नाळेत आणि दोन्ही कुशींत फोमचे तुकडे ठासले आणि पाण्याने भरलेल्या टबात नाव उपडी करून, वरून दाबून, ती पुन्हा वर येते याची खात्री केली.

तळ्यावर चालवण्यासाठी परवानगी लागते, ही गोष्ट मी शेवटी विचारात घेतली आणि त्यामुळे तीन आठवडे हातावर हात ठेवून बसले. २९ मे रोजी तळ्याची देखभाल करणाऱ्या कार्यालयात अर्ज दिला. पहिला अर्ज परत आला, कारण त्यात वेळ आणि जागा लिहिलेली नव्हती. दुसऱ्या अर्जाला तळ्याचा हाताने काढलेला नकाशा जोडला, नाव कोणत्या भागात फिरेल आणि लोक कुठे उभे राहतील ते दाखवले, नावेचे वजन लिहिले, ती विजेवर चालते आणि तिच्यात इंधन नाही हे स्पष्ट केले. १९ जूनला परवानगी मिळाली: सकाळी ६ ते ८, पोहणारे किंवा होडी जवळ असताना नाही, आणि बंद पडलेली नाव आणण्यासाठी कोणीही पाण्यात उतरायचे नाही. ही शेवटची अट वाचून आधी चिंता वाटली. नंतर एका अनुभवी बांधणाऱ्याने उपाय सांगितला: मासेमारीच्या गळाची दोरी आणि तिच्या टोकाला टेनिसचा चेंडू. चेंडू नावेच्या पलीकडे टाकायचा आणि दोरी तिच्याभोवती अडकवून हळूहळू ओढायची.

२१ जूनला पहिली चाचणी झाली आणि फसली. स्टँडवर सुरळीत फिरणारी मोटर पाण्यावर दम टाकत होती; नाव नाळ वर करून नांगरल्यासारखी पाणी ढकलत राहिली, पण वर येईना. दोन मिनिटांत परत आणली तर मोटरवर बोट ठेववत नव्हते. मन फार खट्टू झाले. मोटर चुकीची निवडली, साडेपाच महिने वाया गेले, असेच वाटले. संध्याकाळी त्याच बांधणाऱ्यांना नाव दाखवली. त्यांनी मोटरकडे पाहिलेही नाही. नाव उलटी केली, प्रोपेलर धरला आणि मागे-पुढे हलवून पाहिला.

“तुम्ही इथे अंतर किती ठेवलंय?”

अंतर शून्य होते. प्रोपेलरला धरणारी पकड आणि स्ट्रट एकमेकांना अगदी टेकवून मी शाफ्ट आवळला होता आणि त्या नेमक्या बसण्याचे मला समाधानही वाटले होते. पिळाच्या शाफ्टवर भार आला की पीळ आवळतात आणि तो काही मिलिमीटर आखूड होतो. मागे जागा नसेल तर पकड स्ट्रटवर ब्रेकसारखी दाबली जाते आणि मोटरचा सगळा जोर तिथे घासण्यात जातो. स्टँडवर भार नसतो, म्हणून तिथे हे कधीच दिसत नाही. त्यांनी आवळलेला जोड सैल केला, शाफ्ट ४ मिलिमीटर मागे ओढला, पुन्हा आवळला. दहा मिनिटांचे काम होते.

२३ तारखेला नाव उठली. मात्र उठल्यावर ती बेडकासारखी उड्या मारू लागली, नाळ वर-खाली आपटत. बॅटरी फार मागे होती. तोल साधणारा बिंदू मागच्या फळीपासून १५ सेंटिमीटरवर, म्हणजे लांबीच्या २४ टक्क्यांवर येत होता. खोल ‘व्ही’ तळाच्या नावेसाठी तो साधारण ३० टक्क्यांजवळ हवा. बॅटरीच्या पट्टीवर पुढे-मागे सरकायला ८ सेंटिमीटरची मोकळीक ठेवली होती, ती इथे उपयोगी पडली: थोडी थोडी पुढे नेत तोल १९ सेंटिमीटरवर आणला आणि उड्या थांबल्या. प्रोपेलर ज्या दिशेने फिरतो त्याच्या उलट दिशेला हल झुकते, त्यासाठी बॅटरी काही मिलिमीटर दुसऱ्या कुशीला सरकवली. एवढे जमल्यावर हुरूप आला आणि मी पूर्ण वेगात तिला डावीकडे वळवले. शर्यतीचे वर्तुळ बहुधा घड्याळाच्या दिशेने असते, म्हणून सुकाणू उजव्या बाजूला बसवलेले असते आणि नाव उजव्या वळणासाठीच बांधलेली असते. ती तत्क्षणी उपडी झाली. फोममुळे बुडाली नाही, झाकणाच्या कडेला लावलेल्या टेपमुळे आत चमचाभरच पाणी गेले आणि चेंडू सहाव्या फेकीला तिच्या पलीकडे पडला. डावीकडे वळायचे असेल तर आधी वेग सोडावा.

७ जुलैला जीपीएस लावून मोजले तेव्हा ताशी ५१ किलोमीटर मिळाले. मोटर दर व्होल्टला मिनिटाला २००० फेऱ्यांची, बॅटरी ११.१ व्होल्टची, प्रोपेलर ३८ मिलिमीटर व्यासाचा आणि १.४ पिचचा (म्हणजे एका फेरीत व्यासाच्या १.४ पट पुढे जाणारा); कागदावर हा हिशेब ताशी ७१ किलोमीटरच्या आसपास जातो, पण भाराखाली फेऱ्या कमी होतात आणि प्रोपेलर पाण्यात थोडा घसरतोही. ४० मिलिमीटरचा प्रोपेलर माझ्याजवळ आहे. मोटर आणि कंट्रोलर पूर्ण फेरीनंतर कोमट राहतात असे सलग पाच सकाळी दिसल्याशिवाय तो लावणार नाही. ५००० एमएएचची बॅटरी चार मिनिटे पुरते. मी गजर लावते आणि सेलचा व्होल्टेज ३.५ च्या खाली जाऊ देत नाही.

घरी आल्यावर झाकण उघडे ठेवून नाव वाळवते. शाफ्ट प्रत्येक वेळी पूर्ण बाहेर काढते, पुसते, ग्रीस लावून परत घालते आणि मागचे अंतर ४ मिलिमीटरच्या पट्टीने मोजते. दोन दिवसांत पुन्हा जायचे नसेल तर बॅटरी प्रति सेल ३.८ व्होल्टवर आणून ठेवते, आणि चार्ज करताना ती अग्निरोधक पिशवीत, ५ अँपिअरवर, मी खोलीत असतानाच करते. काल शाफ्ट बाहेर काढला तेव्हा ग्रीस स्वच्छ होते, नळीत पाणी नव्हते. वहीत तेवढेच लिहिले आहे.